दोष कामाचा की माणसाचा?

कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीला 'पंचतारांकित' हे विशेषण लावले जाते, ते तेथील रस्ते, पाणी, वीज आदी सोयींना उद्देशून. तेथे पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या मनाची अवस्था त्या विशेषणात मोजलेली नसते. यंत्रे थांबली की त्यांचा आवाज बंद होतो. मनातला आवाज मात्र घरापर्यंत सोबत येतो. 'तुला काही जमत नाही', 'तुझ्यामुळेच माल परत आला', 'तुझ्या जागी दुसरा असता तर...' हा आवाज अनेकांना जेवू देत नाही, झोपू देत नाही. दुःखाची गोष्ट ही, की आपण श्रद्धावंत माणसे कधी कधी याच आवाजाला नम्रता समजतो. स्वतःला तुच्छ लेखणे हा ख्रिस्ती सद्गुण आहे काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ मानसशास्त्राचा नाही. तो नीतिशास्त्राचा आणि श्रद्धेचाही आहे.

उत्तर शोधण्यासाठी फार दूर जायला नको. कोल्हापूर परिसर ओतकामासाठी प्रसिद्ध आहे. सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापलेला लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओततात. वाळूत ओल जास्त राहिली तर वायू कोंडून ओतिवात पोकळ्या पडतात. रस हवा तेवढा तापलेला नसेल तर दोन प्रवाह एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि सांधा राहतो. तपासणीत असा नग बाद होतो. पण बाद होतो म्हणजे काय होते? दोष का आला याचा शोध घेतला जातो, वाळू तपासली जाते, तापमान पाहिले जाते आणि तो नग पुन्हा भट्टीत जातो. नाकारला जातो तो त्या लोखंडाला आलेला आकार. लोखंड कोणी नाकारत नाही. जो न्याय आपण लोखंडाला देतो, तो स्वतःला देताना मात्र हात आखडतो.

सदसद्विवेकबुद्धी आणि आत्मधिक्कार यांत नेमका हाच भेद आहे. सदसद्विवेकबुद्धी कृतीविषयी बोलते: हे चुकले, येथे चुकले, ते असे दुरुस्त करता येईल. आत्मधिक्कार माणसाविषयी बोलतो: तूच चुकीचा आहेस. पहिला आवाज नेमका असतो, म्हणून त्याला उत्तर देता येते. दुसरा मोघम असतो. 'नेहमी', 'कधीच', 'सगळे' हे त्याचे आवडते शब्द. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६० च्या दशकापासून हीच गोष्ट दाखवून दिली. खिन्न माणसाच्या मनात असे विचार आपोआप उमटतात. परंतु आपोआप उमटला म्हणून विचार खरा ठरत नाही, त्यालाही पुरावा मागता येतो.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी मनाच्या कोतेपणाला दुर्गुणांत गणले आहे, हे ऐकून कित्येकांना नवल वाटेल. देवाने दिलेल्या सामर्थ्याहून स्वतःला मोठे समजणे हा जसा दोष, तसाच त्याहून लहान समजून मागे सरणे हाही दोष. उदाहरण म्हणून ते प्रभू येशूच्या दाखल्यातील, धन्याचे नाणे भीतीपोटी जमिनीत पुरणाऱ्या सेवकाकडे बोट दाखवतात. नम्रता म्हणजे सत्य. आणि देवाने दिलेले दान नाकारणे हे सत्य नव्हे. संत फ्रान्सिस द सेल्स यांनीही १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सौम्यता स्वतःच्या बाबतीतही पाळावी, असा सल्ला दिला आहे. स्वतःवर चिडलेला माणूस सुधारत नाही. तो फक्त थकतो.

संत इग्नेशिअस लोयोला यांचे चरित्र याबाबतीत बोलके आहे. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत ते जखमी झाले. पुढच्या वर्षी मान्रेसा येथे त्यांना अपराधाच्या विचारांनी इतके ग्रासले, की वारंवार पापनिवेदन करूनही मन शांत होईना. जीव देण्याचा मोहही झाला. त्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी जे लिहिले, त्यातील दोन गोष्टी कामगाराच्या डब्याबरोबर रोज नेण्याजोग्या आहेत. एक: मन अंधारलेले असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये. बोलणी खाऊन आलेल्या रात्री राजीनामा लिहू नये. दुसरी: दिवसाच्या आत्मपरीक्षणाचा आरंभ अपराधांच्या यादीने नव्हे, तर कृतज्ञतेने करावा. आधी मिळालेल्याबद्दल आभार, मग प्रकाशाची याचना, मग दिवसाकडे दृष्टी, मग क्षमा आणि शेवटी उद्याचा संकल्प. हा क्रम उलटला की आत्मपरीक्षणाचे आत्मपीडन होते.

शुभवर्तमानात पेत्राने नाकारले आणि यहुदाने विश्वासघात केला. पस्तावले दोघेही. पेत्र नाकारताना कोळशाच्या विस्तवाजवळ उभा होता. आणि पुनरुत्थित प्रभूने सरोवराकाठी त्याला प्रीतीविषयी तीनदा विचारले, तेव्हाही तेथे कोळशाचा विस्तव होता. प्रभूने चूक पुसून टाकली नाही. त्याच निखाऱ्यांपाशी त्याला नवे काम सोपवले. यहुदा आपले ओझे घेऊन एकटाच गेला. आपल्यासाठी बोध एवढाच, की हे ओझे एकट्याने वाहायचे नसते.

कोल्हापूरच्या मातीला हे सांगायला नको. तालमीत पाठीला माती लागली म्हणजे कुस्ती गेली. पैलवान गेला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वस्ताद त्यालाच जोर मारायला लावतो. मात्र त्यासाठी वस्ताद लागतो, जोडीदार लागतात. मनाची ताकदही अशीच सोबतीत वाढते: घरच्या माणसाशी बोलून, सोबतच्या कामगाराला विश्वासात घेऊन, रविवारची विश्रांती जपून, पापनिवेदनात क्षमेचे शब्द कानांनी ऐकून. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जाणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. शासनाची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

एक गोष्ट सांगितल्यावाचून मात्र आम्हाला थांबता येत नाही. मनातला प्रत्येक कठोर आवाज मनातच जन्मलेला नसतो. चारचौघांत केलेला अपमान, उद्याची शाश्वती नसलेली कंत्राटी नोकरी, माणसाच्या आवाक्याबाहेरचे उद्दिष्ट, यांचेच प्रतिध्वनी पुढे आत घुमू लागतात. सोसणाऱ्याला 'मन खंबीर कर' एवढेच सांगणे म्हणजे अन्यायाला हातभार लावणे होय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रात स्पष्ट केले आहे, की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. आपल्यापैकी जे पर्यवेक्षक आहेत, ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्यांनी दोष दाखवताना तो नगाचा दाखवावा, माणसाचा नव्हे. कदाचित आपले एक वाक्य कोणाच्या तरी मनात वर्षानुवर्षे बोलत राहणार असते.

देव आपल्याला पाहतो, तेव्हा आपला दोष त्याला दिसत नाही असे नाही. परंतु तो दोषाच्या आधी धातू पाहतो. तो त्याचाच आहे. ज्याला त्याने टाकून दिले नाही, त्याला टाकून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मग तो शेजारी असो, की आपण स्वतः.