करायला गेलो गणपती

‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती’ ही म्हण आपण हसण्यासाठी वापरतो. गेल्या पावसाळ्यात ती माझ्या हातून शब्दशः खरी झाली आणि तेव्हापासून मला तिचे हसू येईनासे झाले आहे.

निवृत्तीनंतर हाताला काही उद्योग हवा म्हणून मी लाकूड कोरायला बसलो. आमच्या बेळगाव भागाला लाकडी खेळण्यांचे कौतुक नवे नाही. घाट उतरले की सावंतवाडीची चितार आळी, इकडे गोकाक. दोन्हीकडची रंगीत लाकडी फळे आमच्या घरी फळीवर असत. त्या कारागिरांशी माझी बरोबरी नव्हे. माझ्यापाशी एक चाकू, धार लावायचा दगड आणि गल्लीतल्या सुतारांनी दिलेला शिवणीचा वीतभर ठोकळा. सुतार कन्नड बोलणारे, मी मराठी. पण चाकू धरायची रीत दाखवायला भाषा फारशी लागत नाही. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो निसटून हातात शिरतो, हे पहिल्याच दिवशी रक्ताळलेल्या बोटाने शिकवले.

तोवर माझ्या हातांना सवय होती ती मातीची. ज्येष्ठाच्या अमावास्येला, म्हणजे ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ला, इकडे मातीचे बैल करतात. शिंग मोडले तर पाण्याचे बोट लावून पुन्हा बसवावे. सगळाच बैल बिघडला तर गोळा करून पुन्हा वळावा. माती क्षमा करते. लाकडात फक्त काढता येते, घालता येत नाही. निघालेली ढलपी खळ लावून चिकटवली तरी सांधा दिसतोच.

तिसऱ्या आठवड्यात गणपती बराच आकाराला आला होता. सोंडेच्या वळणावर चाकू फिरवताना ‘कट्’ असा आवाज झाला आणि सोंड माझ्या मांडीवर पडली. बराच वेळ तसाच बसून राहिलो. मग कान कमी केले, गाल फुगवले, पोट उतरवले, पाठीवर शेपटी कोरली. झाला मारुती! येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘मारुती केलाय’ असे सांगू लागलो. लोक वाहवा करीत. सुतारांनी मात्र मूर्ती उलटसुलट करून पाहिली, नाकापाशी अंगठा ठेवला आणि विचारले, ‘‘हेंग आत्री?’’

त्यांच्यापुढे खोटे बोलवेना. मग त्यांनी कारण दाखवले. लाकडाचे धागे उभे होते आणि मी सोंड आडवी वळवली होती. वळणावर धागे तुटून आखूड झाले; धरून ठेवायला तिथे काही उरलेच नाही. म्हणजे चूक त्या दिवशीच्या चाकूची नव्हती. ठोकळ्यावर पेन्सिलीने गणपती काढला, तेव्हाच सोंड मोडली होती.

आता प्रश्न असा की, ‘मारुती केलाय’ हे माझे बोलणे खोटे होते काय? समोर मारुतीच तर होता. कुणाचे नुकसान झाले नव्हते. जे हाती आले ते आपलेसे करावे, यालाच आपण समाधान म्हणतो. मोडलेली मूर्ती चुलीत घालणाऱ्यापेक्षा तिचा मारुती करणारा शहाणा, हे मलाही मान्य आहे.

पण मारुती स्वीकारणे वेगळे आणि गणपती मनात नव्हताच असे म्हणणे वेगळे. मारुतीच करायचा होता म्हटले की सोंड कधी मोडलीच नाही. आणि जी मोडलीच नाही, ती का मोडली हे कोण विचारणार? पुढचा गणपतीही मग त्याच जागी मोडणार.

आणि तो मोडणारा हात आपलाच असेल असे नाही. तरुणपणी मला एम. ए.साठी पुण्याला जायचे होते. वडील अंथरुणाला खिळले आणि मी इथल्याच एका हायस्कुलात लागलो. शिकवण्यात मन रमले, विद्यार्थ्यांनी जीव लावला. त्यात खोटे काही नाही. पण हळूहळू ‘मला शिक्षकच व्हायचे होते’ असे मी म्हणू लागलो आणि म्हणता म्हणता ते मलाही खरे वाटू लागले. पुढे मुलगी पेचात पडली : बाहेरगावी शिकायला जावे की इथे मिळते ती नोकरी धरावी? तिने विचारले, ‘‘बाबा, तुम्हाला कधी जावंसं वाटलं होतं?’’ मी म्हणालो, ‘‘छे, कधीच नाही.’’ ती राहिली. तिचे वाईट झाले असे नाही. पण तिने विचारले होते मोडलेल्या सोंडेविषयी आणि मी तिच्या हाती पॉलिश केलेला मारुती ठेवला.

म्हणून आता तो मारुती फळीवर आहे आणि शेजारी सोंडेचा तुकडाही ठेवला आहे. दिवाळीला लेक येईल. ‘हे काय?’ असे ती विचारीलच. या वेळी तिला सगळे सांगायचे आहे.

दुसरा ठोकळा हाती घेतला आहे. सोंड सरळ खाली, पोटाला टेकलेली रेखली आहे. टिकेल की नाही, ठाऊक नाही. मोडलीच, तर कुठे आणि का मोडली, एवढे तरी खरे सांगेन.