पूर्वग्रह कोणाचा?

हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनीं शेक्सपिअरचें ‘ऑथेल्लो’ १८९० सालीं ‘झुंझारराव’ या रूपानें मराठींत आणलें. त्याच नाटकावरून विशाल भारद्वाज यांनीं २००६ सालीं काढलेला ‘ओंकारा’ हा हिंदी चित्रपट आम्हीं परवां खंडाळ्यास घरच्या तरुण मंडळींसह पाहिला. मूळ नायक काळा म्हणून हिणविला जातो. येथें तो अर्धा ब्राह्मण म्हणून. हा फेरफार कित्येकांस मूळ कृतीशीं द्रोह वाटेल. आम्हांस तीच खरी निष्ठा वाटते. व्हेनिसच्या गोऱ्यांच्या वर्णद्वेषावर अश्रू ढाळण्यांत आमचें कांहींच जात नाहीं. जातीचें नांव निघतांच मात्र आरोपी आम्ही ठरतों. बढती हुकलेला इयागो सूड उगवितो खरा. परंतु तो नवें विष आणीत नाहीं, समाजानें सांठविलेलेंच वापरतो. आपण प्रेमास अपात्र आहों, हें नायकालाही पटतें तें त्यामुळेंच. यानें खुन्याचा हात निर्दोष ठरत नाहीं. पण ‘दुष्ट मेला, न्याय झाला’ असें म्हणून प्रेक्षकांसही सुटतां येत नाहीं. सोयरीक ठरवितांना आमच्या घरीं पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, एवढें आठवलें तरी पुरे.