कशाला हवी माहिती?

मध्यमवर्गीय माणूस पोलीस ठाण्याची पायरी आयुष्यात दोनच कारणांनी चढतो. एक पासपोर्टसाठी, आणि दुसरं काही हरवलं म्हणून. तिसऱ्या कारणाने चढला तर तो मध्यमवर्गीय राहत नाही, निदान शेजाऱ्यांच्या दृष्टीने तरी. गेल्या वर्षी मी तिसऱ्या कारणाने चढलो. माहिती मागायला.

हा बेत मी घरात जाहीर केला तेव्हा आमची ही कोथिंबीर निवडत होती. हात न थांबवता तिने एकच शब्द उच्चारला, "कशाला?"

या एका शब्दाने आजवर माझे अनेक बेत जागच्या जागी बसवले आहेत. पण या खेपेला कायदा माझ्या बाजूने होता. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005, कलम 6, पोटकलम 2: अर्जदाराने माहिती कशासाठी हवी याचं कारण सांगण्याची गरज नाही. मी ते कलम तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते सरकारला. मला कारण सांगा."

कारण सांगायचं तर सायकलीपासून सुरुवात करायला हवी.

निवृत्तीनंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी एक जुनी हिरवी सायकल घेतली होती. एका सकाळी ती जिन्याखाली नव्हती. सोसायटीत चोरी होणं ही गोष्ट गणपतीसारखी असते, सगळे एकत्र येतात. नाना म्हणाले, "पोलिसांत द्या." मी दिलं. चौकीवरच्या हवालदारांनी सायकलीचा रंग, किंमत, खुणा, सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "संशय कोणावर?"

आता, आयुष्यभर पेपरात एकही प्रश्न कोरा न सोडलेला मी माणूस. 'कोणावर नाही' असं म्हणणं म्हणजे दोन मार्क सोडून दिल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "तसा कोणावर नाही... पण आमच्याकडे गाड्या धुणारा एक पोरगा आहे. तो काल जरा..."

"जरा काय?"

"जरा लवकर गेला."

त्या संध्याकाळी त्याला चौकीवर नेलं. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. वीस-बावीस वर्षांचा असेल. "चोराच्या मनात चांदणं!" नाना म्हणाले, आणि धूळ बसलेल्या मोटारींकडे पाहून सगळ्यांनी माना डोलावल्या.

नवव्या दिवशी मी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेलो. गिरणीवाला म्हणाला, "काका, सायकल अजून किती दिवस ठेवायची? पिठाने पांढरी झाली की हो!"

नऊ दिवसांपूर्वी मी दळण सायकलवरून नेलं होतं, आणि येताना वाटेत नाना भेटले म्हणून डबा त्यांच्याकडे, पिशवी माझ्याकडे, असे गप्पा मारत चालत घरी आलो होतो. सायकल मात्र प्रामाणिकपणे माझी वाट पाहत गिरणीत उभी होती.

मी चौकीवर जाऊन सांगितलं. हवालदार म्हणाले, "बरं झालं, मिळाली. सही करा." मी सही केली. प्रकरण मिटलं. म्हणजे चौकीपुरतं.

त्या संध्याकाळी चौकीत काय झालं? वॉचमन म्हणाला, नुसतं बाकावर बसवून ठेवलं. दूधवाला म्हणाला, दोन लगावल्या. नाना म्हणाले, चहासुद्धा पाजला. एकाच पोराच्या तीन संध्याकाळी झाल्या. सायकल गेली त्या रात्री मला छान झोप लागली होती. ती मिळाल्यापासून लागेना. तेव्हा मी ठरवलं, आपण कायदेशीर मार्गाने जायचं. माणसाला सरळ मार्गाने जायची लाज वाटली की तो कायदेशीर मार्गाने जातो, हे मला नंतर कळलं.

तसा हा कायदा फार मानाचा. स्वीडनने सरकारी कागद पाहण्याचा हक्क लोकांना 1766 साली दिला; तेव्हा आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे होते. आपल्याकडे हा हक्क कुणी ताटात वाढून दिला नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या मंडळींनी नव्वदच्या दशकात रोजगाराच्या कामांची हजेरीपत्रकं दाखवा, म्हणून मागणी लावून धरली. पत्रकावर मजुरी चढलेली आणि मजुराच्या हातात ती पडलेलीच नाही, असे प्रकार जनसुनावणीत उघड व्हायचे. 1996 साली ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. महाराष्ट्राने 2002 साली आपला कायदा केला, आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा कायदा पुरता लागू झाला. उन्हात राबणाऱ्या माणसांनी मिळवलेलं हे हत्यार मी एका हिरव्या सायकलीसाठी उपसलं.

अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात करायचा, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. महाराष्ट्राच्या नियमांत आणखी एक अट आहे: विषय एकच हवा आणि मजकूर शक्यतो दीडशे शब्दांत बसवायचा. हा नियम करणाऱ्याने माझे लेख वाचले असावेत. पहिल्या मसुद्यात माझी सायकल घेण्याची हकिगतच दोनशे शब्द झाली. शेवटी दोन मुद्दे उरले. एक, माझ्या तक्रार अर्जाची प्रत. दोन, त्या दिवशी चौकशीसाठी आणलेल्या इसमाबाबत स्टेशन डायरीत काय नोंद आहे. पोलिसांच्या मराठीत शिरलं की माणसाचा इसम होतो. मीसुद्धा बघता बघता त्याला इसम केलं होतं.

ठाणे अंमलदारांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "कशाला हवी माहिती?"

मी कलम 6, पोटकलम 2 म्हटलं.

"कायदा माहीत आहे हो," ते म्हणाले. "मी आपलं माणूस म्हणून विचारतोय."

याला कलम नव्हतं. मी पोच घेऊन बाहेर पडलो.

उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांची. ते तीस दिवस सोसायटीत माझा भाव वधारला. "पोलिसांना जाब विचारलाय म्हणे," असं कुजबुजताना लोक माझ्याकडे पाहायचे आणि मी लिफ्टऐवजी जिन्याने, छाती काढून चढायचो. नाना मात्र म्हणाले, "जपून राहा. दिवस वाईट आहेत." मी हसलो. मग तळेगावचे सतीश शेट्टी आठवले. जमिनींच्या व्यवहारांची माहिती मागत राहिलेला हा माणूस 2010 च्या जानेवारीत सकाळी घराबाहेर पडला आणि मारला गेला. मी काढलेली छाती आत घेतली. ज्याच्या प्रश्नाने दुसऱ्या कुणाचं पितळ उघडं पडतं, त्याला किंमत मोजावी लागते. माझ्या प्रश्नाने कुणाचं पडणार होतं?

एकोणतिसाव्या दिवशी पत्र आलं. दोन पानांच्या प्रतीसाठी पानाला दोन रुपयांप्रमाणे चार रुपये भरा. हे कळवणाऱ्या पाकिटावर त्याहून जास्तीची तिकिटं होती. मी ठाण्यात जाऊन चार रुपये भरले, पावती घेतली, आणि तिथल्याच बाकावर बसून कागद उघडले.

मुद्दा दोनचं उत्तर एका ओळीचं होतं: माहिती त्रयस्थ व्यक्तीच्या वैयक्तिक बाबींशी संबंधित असल्याने देता येत नाही. माझं डोकं तापलं. अपील! तीस दिवसांच्या आत, वीस रुपयांचा स्टँप लावून, जोडपत्र ब! त्या तावातच मी मुद्दा एकची पानं उलटली.

तो माझाच जबाब होता. हवालदारांच्या अक्षरात, पण माझा. माझ्या आठवणीत मी 'तसा कोणावर नाही' म्हणालो होतो, मध्ये थांबलो होतो, चाचरलो होतो. कागदावर चाचरणं नव्हतं. 'माझा संशय आमचे सोसायटीत गाड्या धुण्याचे काम करणारे इसमावर आहे.' आणि खाली: 'वरील जबाब वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.' त्याखाली बँकेत पस्तीस वर्षं घोटलेली, एकही वळण न चुकलेली माझी सही.

सरकारकडे मी सरकारची माहिती मागितली होती; त्यांनी मला माझी दिली. तीही चार रुपयांत.

तिथेच बसून मला मुद्दा दोनचं उत्तरही पटायला लागलं. उद्या कुणीही दहा रुपयांचा स्टँप लावून माझ्याबद्दल चौकीत काय लिहिलंय ते मागितलं, तर मला चालेल का? त्या पोराचं नाव ज्याने विनाकारण चौकीत नेऊन पोचवलं, त्याच्यापासूनच कायदा आता त्याची अब्रू राखत होता. पोलीस त्यामागे आपली कातडीही वाचवत असतील. नसतील असं मी म्हणत नाही. पण अपील करून मला जे मिळणार होतं ते सांगू शकणारा एक माणूस गिरणीच्या मागच्या गल्लीत राहत होता. त्याला विचारायला जोडपत्र लागत नव्हतं. फक्त जावं लागत होतं. तेवढं टाळण्यासाठी मी एक केंद्रीय अधिनियम वापरला होता.

घरी आल्यावर हिने विचारलं, "मिळाली माहिती?" मी कागद तिच्या हातात दिले. तिने वाचले आणि घडी घालून परत दिले. "आता जा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन गेलो. तो पंक्चरच्या दुकानात काम करत होता. मला पाहून उठला नाही. सायकलीकडे बघून म्हणाला, "मिळाली का?"

"मिळाली. गिरणीत विसरलो होतो. मीच."

"ऐकलं."

मी थोडा वेळ उभा राहिलो. मग विचारलं, "त्या दिवशी चौकीत... काय झालं होतं रे?"

त्याने हातातली ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, आणि वर न बघता म्हणाला, "कशाला पाहिजे, काका?"

आयुष्यात हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. विचारायचा हक्क असलेला हा पहिलाच. आणि याच्यापुढे पोटकलम 2 चालत नाही. मी म्हणालो, "माझं चुकलं. ते सांगायला आलो. दुसरं तू सांगितलंस तर ऐकेन, नाहीतर नाही."

त्याने काही सांगितलं नाही. उठला, सायकलचं पुढचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. "हवा कमी आहे," म्हणाला, आणि भरून दिली.

मी दहाची नोट पुढे केली. त्याने पाच रुपये घेतले आणि पाच मोजून परत दिले.