आठ मीटर लांबून केलेली साथ

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तरुणाला पेटी घरातच मिळाली. आजोबा भजनी मंडळात साथीला बसायचे, त्यांच्या शेजारी बसून त्याची बोटं फिरायला लागली. पुढे तो एका ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर बसू लागला. गणपती, नवरात्र, लग्नसराई; इचलकरंजीपासून निपाणीपर्यंतच्या सुपाऱ्या. पैसे बाजूला टाकत, शेवटी जुना कीबोर्डही विकून त्याने एक लॅपटॉप घेतला. सोबत ऑडिओ इंटरफेस आणि मिडी कीबोर्ड.

मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, एवढंच तो लॅपटॉपला कळवतो. हे कळवण्याची मिडी नावाची पद्धत १९८३ साली ठरली आणि आजही जगभरची इलेक्ट्रॉनिक वाद्यं तिच्यावर चालतात. आवाज घडतो तो लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये. त्यामुळे एकाच पट्टीतून बासरीही निघते, ऑर्गनही निघतो आणि व्हायोलिनचा अख्खा ताफाही. यामाहाच्या जुन्या डीएक्स-७ सिंथेसायझरचा आवाज आता 'डेक्स्ड' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. 'सर्ज', 'व्हायटल' यांसारखे दमदार सिंथही फुकट उतरवून घेता येतात.

पोराला भूल पडली. रोज रात्री नवा आवाज उतरवायचा, थोडा वाजवून बघायचा आणि पुढच्याकडे वळायचं. बघता बघता लॅपटॉपमध्ये बाराशे आवाज जमले. तालमीला सगळे म्हणायचे, "नाद खुळा, भावा!"

गणेशोत्सवात एका मंडळाचा कार्यक्रम होता. पत्र्याचा मांडव, बाहेर पाऊस, आत खचाखच गर्दी आणि डोक्यावर तापलेले दिवे. पहिली गाणी झकास झाली. मग ऑर्केस्ट्रातल्या गायिका आक्का 'मानापमान' नाटकातलं पद गायला उभ्या राहिल्या. या नाटकाचं संगीत कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांचं, १९११ सालचं. पुढे १९२१ च्या 'संयुक्त मानापमान'मध्ये बालगंधर्वांबरोबर उभे राहिले तेही कोल्हापूरचेच केशवराव भोसले. असं पद इथल्या श्रोत्यांपुढे गायचं म्हणजे कान टवकारलेल्या माणसांपुढे गायचं.

पोराने ऑर्गनच्या आवाजाखाली व्हायोलिनचा ताफा लावला, वर आणखी एक तरंगता आवाज चढवला. दिव्यांनी आधीच तापलेला लॅपटॉप मंदावला आणि स्पीकरमधून कर्रकर्र ऐकू येऊ लागली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने घाईघाईने बफर वाढवून १०२४ वर नेला. कर्रकर्र थांबली, पण पद मात्र लंगडायला लागलं. आक्कांची तान समेवर यायची आणि ऑर्गन मागून यायचा. तबल्यावरच्या अण्णांनी लय सावरायचा पुष्कळ प्रयत्न केला. पद कसंबसं संपलं, टाळ्याही तशाच पडल्या.

कार्यक्रमानंतर वायरी गुंडाळता गुंडाळता अण्णांनी विचारलं, "लेका, आज मागं का पडत होतास?"

"मी तर तुमच्या ठेक्यावरच वाजवत होतो, अण्णा."

"बोट ठेक्यावरच पडत होतं, मी बघत होतो. आवाज मागनं येत होता."

आक्का म्हणाल्या, "मी समेवर पोचलो, तरी तुझा सूर अजून वाटंतच."

ऑर्केस्ट्राचे मालक वैतागले होते. "ते लॅपटॉपचं खूळ बंद. पुढच्या सुपारीला साधा कीबोर्ड भाड्यानं आणा."

अण्णांनी मान हलवली. "यंत्राला दोष देऊ नका. पेटी तरी कुठं आपली होती? पॅरिसहून आली. रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली. आणि त्याच्या कितीतरी आधी याच गावच्या टेंब्यांनी ती अशी वाजवली होती, की लोक नुसती पेटी ऐकायला बसायचे. पोरा, तू मला सांग, त्या डब्यात आवाजाला उशीर कशानं होतो?"

पोराने समजावलं. कॉम्प्युटर आवाज सलग बनवत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने लागतात आणि ते लहान लहान तुकड्यांनी तयार होतात; बफर म्हणजे या तुकड्याचा आकार. एक तुकडा वाजून संपायच्या आत पुढचा तयार पाहिजे, नाहीतर आवाज फाटतो. तुकडा लहान ठेवला तर आवाज लगेच येतो, पण प्रोसेसरची धावपळ होते. मोठा ठेवला तर प्रोसेसरला उसंत मिळते, पण आवाज उशिरा येतो. १०२४ नमुन्यांचा तुकडा म्हणजे निदान २३ मिलिसेकंदांचा उशीर.

"तेवढ्या वेळात आवाज हवेतनं किती लांब जातो?"

पोराने मोबाईलवर हिशेब केला. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. "आठ मीटर, अण्णा."

"म्हणजे तू बसला होतास माझ्या शेजारी आणि वाजवत होतास आठ मीटर लांबनं. तिथनं साथ कशी व्हायची?"

पोरगा गप्प झाला. अण्णांनी पुढे विचारलं, "एकूण आवाज किती हायत तुझ्याकडं?"

"बाराशे."

"आज लागले किती?"

"पंधरा-वीस असतील."

"त्यातले पुरते ओळखीचे किती?"

याला उत्तर नव्हतं. अण्णा म्हणाले, "खासबाग मैदानात उतरणारा पैलवान डाव पुष्कळ शिकतो, पण कुस्ती मारतो ती घोटून घोटून अंगात भिनलेल्या दोन-तीन डावांवर. तुझं झालंय एक ना धड भाराभर चिंध्या. जा, आधी निवड कर."

पोराने ते मनावर घेतलं. कार्यक्रमातल्या गाण्यांची यादी समोर ठेवली आणि प्रत्येक गाण्याला खरोखर कोणता आवाज लागतो, ते ऐकून ऐकून ठरवलं. अकरा आवाज उरले. मग त्या अकरांचा रियाज सुरू झाला. ऑर्गन वरच्या सप्तकात बोचतो, तिथे तो किती कमी करायचा. बासरीच्या पट्टीवर बोट हलकं पडलं तर ती कशी बोलते. आक्कांचा आवाज जिथे फिरतो तिथली जागा व्हायोलिनने अडवायची नाही. जड व्हायोलिनचे लागणारे सूर त्याने रेकॉर्ड करून हलके करून घेतले. आवाज गाण्यांच्या क्रमाने लावले, म्हणजे पायाखालचा पेडल दाबला की पुढचा आवाज हजर, स्क्रीनकडे बघायचं कामच नाही.

बाकीची व्यवस्थाही त्याने नीट लावली. कार्यक्रमाच्या वेळी वायफाय बंद, अपडेट बंद. लॅपटॉप टेबलावर सपाट न ठेवता स्टँडवर, म्हणजे खालून वारा खेळतो. यूएसबीची वायर स्टँडच्या पायाला बांधलेली, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी निसटत नाही. कधी एखादा सूर अडकून वाजतच राहतो, तो तोडणारी कळ कोणती हे हाताला अंधारातही कळलं पाहिजे, म्हणून तीही घोटली. एवढं झाल्यावर बफर १२८ वर आला. म्हणजे जेमतेम तीन मिलिसेकंद. आवाजाच्या हिशेबात एक मीटर. ऑक्टोबरच्या उकाड्यात, पत्र्याच्या खोलीत, सगळं सामान मांडून त्याने पूर्ण कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. कर्रकर्र एकदाही आली नाही.

नवरात्रात पुन्हा तेच पद आलं. मध्यावर आक्कांना काहीतरी सुचलं. त्यांनी ठरलेली जागा सोडली, एकच ओळ तीनदा वेगवेगळी घेतली आणि तिथूनच एक लांब तान उचलली. गणपतीत असं झालं असतं तर पोराची नजर स्क्रीनवर असती. आता ती आक्कांवर होती. तान सुरू होताच त्याने उजवा हात उचलला आणि डाव्या हाताने नुसता षड्ज धरून ठेवला. तान खाली उतरू लागली, तसा त्याचा ऑर्गन शेवटच्या चार सुरांत तिला येऊन मिळाला आणि आक्का, अण्णा नि तो, तिघं एकदम समेवर आले. मांडवातून "वाहवा!" उठली.

टेंपोत सामान चढवताना आक्का त्याला म्हणाल्या, "आज जवळ होतास."

मालकांनी लॅपटॉपचं नाव पुन्हा काढलं नाही. पोराने उरलेले आवाज घरच्या एका डिस्कवर टाकून ठेवले. नवा आवाज अजूनही त्याला मोह घालतो. पण तो मांडवात न्यायचा तर आधी जुन्या अकरांपैकी एकाला निरोप द्यायचा, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला आहे.

तात्पर्य हे, की साथ करणाऱ्याची खरी मिळकत म्हणजे त्याचं लक्ष. ते हजार आवाजांत वाटलं गेलं, तर शेजारी गाणाऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. साधन नवं असो वा जुनं, हौसेनं घ्यावं. पण त्यातलं मोजकंच निवडावं आणि निवडलेलं इतकं घोटावं, की वाजवताना त्याचा विचारच करावा लागू नये. मग वाचलेलं सगळं लक्ष सोबत्याला देता येतं.