आजीचा फॉर्म

आमच्या गावाजवळ ‘कला परिसर’ करायचाय म्हणून एका बैठकीत फॉर्म वाटले. आजीचा मी भरला. आजी धवलारीण. आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले गाणारी. पूर्वी तर तिच्या गाण्यावरच लग्न लागायचं. रकाना होता, ‘आजवरचे कार्यक्रम’. विचारलं तर म्हणाली, “कार्यक्रम कसलं रं? लग्नं लावली.” मी लिहिलं: लोकगायन, 40 वर्षं. खोटं नव्हतं. पण तिच्या कामातलं लग्न मी काढून टाकलं आणि नुसतं गाणं ठेवलं. ते अजून टोचतंय.

नवी मुंबईत कलेचं नाव असलेली वस्ती आधीपासून आहे. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. चार्ल्स कोरियांनी 1980च्या दशकात सिडकोसाठी आखलेलं, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांचं. एका अंगणाभोवती सात घरं. दोन घरांत सामाईक भिंत नाही, कारण ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. लोकांनी वाढवलंही. कित्येक कौलारू घरं पाडून तिथे मजले चढले. आर्किटेक्चरची मुलं कॅमेरे घेऊन येतात आणि हळहळतात. मीही हळहळलो होतो. मग कळलं, बदलायची मुभा आराखड्यातच होती. फक्त ज्याच्याकडे पैसा होता तो वर गेला आणि शेजारच्याचं ऊन गेलं.

म्हणून ‘कलाकारांना मोकळं सोडा, बाकी आपोआप होईल’ हे मला पटत नाही. परिसर चालवणाऱ्याने निवड केली नाही, तर भाडं निवड करतं. आणि निवड केली, तर माझ्यासारखा कुणीतरी आजीला रकान्यात बसवतो. 95 गावांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या या शहरात, भिंतीवर कोळीण रंगवणं सोपं आहे. तिला मासळी विकायला जागा देणं हे कलेचं काम आहे की नाही, यावर मात्र बैठकीत कुणी बोलत नाही. (मीही बोललो नव्हतो.)

मला वाटतं, निवड टळत नाही. पण निवडणाऱ्याने नाकारलेल्यांसमोर बसून कारण सांगावं, आणि रकाने त्यांच्यासोबत बसून आखावेत. वेळ लागेल, भांडणं होतील. चालेल.

काल फॉर्म परत मागून घेतला. ‘लोकगायन’ खोडून ‘लग्नं लावते’ लिहिलं. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ते असू दे. तिथं मांडव घालू देतील का, ते विचार.”