पाटीवर कर्ता कोण?

आमचे एक विद्वान मित्र अमेरिकेतल्या चार्ल्स्टनला जाऊन आले आणि आल्या आल्या लेख लिहून त्यांनी मुंबईची हजेरी घेतली. तिथे बंदरावर कसं देखणं संग्रहालय आहे; इथे नागरी हक्कांच्या लढ्याचा धड नकाशा नाही, 6 डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, शिवाजी पार्कवर नुसती गर्दी उसळते, इतिहास कुणी बघत नाही, असा त्यांचा आक्षेप. विसर्जनासाठी रस्ते बंद झाले की हेच मित्र संस्कृतीवर कौतुकाने लिहितात, हे जाता जाता.

चार्ल्स्टनचं संग्रहालय मोलाचं आहे, यात वाद नाही. ज्या गॅड्सडेन्स व्हार्फवर हजारो आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली, तिथेच ते 2023 मध्ये उघडलं. पण मित्रांनी त्याच शहरातल्या दोन गोष्टी गाळल्या. गुलामगिरी हितकारकच आहे असं सिनेटमध्ये ठासून सांगणाऱ्या जॉन कॅल्हूनचा पुतळा शहराने 2020 मध्ये चौथऱ्यावरून उतरवला. आणि 2015 मध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना ज्या इमॅन्युएल चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या, त्या चर्चचा पत्ता आहे कॅल्हून स्ट्रीट. पुतळा गेला, रस्त्याला नाव त्याचंच. संग्रहालयाने हिशेब मिटतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा पत्ता वहीत लिहून ठेवावा.

आता त्या ‘नुसत्या’ गर्दीविषयी. 7 डिसेंबर 1956 ला दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, तेव्हापासून माणसं तिथे येतात. कुठल्या पर्यटन खात्याने त्यांना बोलावलेलं नाही. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर परभणीकडची एक बाई संविधानाची मराठी प्रत हातात धरून किमतीवरून हुज्जत घालताना मी पाहिली. दहा रुपये कमी करून घेतले, प्रत पिशवीत टाकली आणि वर दोन दिनदर्शिका मागितल्या. इतिहास बघणं म्हणजे आणखी काय असतं?

पण एवढ्यावर मित्रांना निकालात काढता येत नाही. माणसं येतात म्हणून जागा टिकतेच असं नाही. दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना जून 2016 मध्ये रातोरात पाडला गेला. श्रद्धेला बुलडोझर अडवता येत नाही. तिथे कागदच लागतो. तेव्हा नकाशा हवा, वारसा यादीत नोंद हवी, पाट्याही हव्यात. इथवर मी मित्रांच्या बाजूला आलो. भांडण पुढे आहे: पाटीवर लिहायचं काय?

फोर्टमधलं हायकोर्ट घ्या. फिरायला आलेल्यांना तिथल्या गॉथिक कमानी दाखवतात. 17 मार्च 1937 ला याच न्यायालयाने महाडच्या, अस्पृश्यांना बंदी असलेल्या चवदार तळ्याच्या खटल्यात सवर्ण वादींचं अपील फेटाळलं. निकाल देणाऱ्यांत ब्रूमफिल्ड होते, 1922 मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी त्या तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायले आणि त्याचा कायदेशीर निकाल लागायला दहा वर्षं गेली. तोही कशावर? तळ्यावरची बंदी ही अनादी काळापासूनची रूढी आहे, हे वादींना शाबीत करता आलं नाही, यावर. म्हणजे पुरावा भक्कम असता तर? हा प्रश्न ज्या पाटीवर नसेल, ती पाटी कमानींच्याच लायकीची.

वरळीला तर आपली खरी परीक्षा आहे. 5 जानेवारी 1974 ला बीडीडी चाळींच्या परिसरात दलित पँथरच्या सभेवर हल्ला झाला, दंगल पेटली. 10 जानेवारीला परळच्या मोर्चावर वरून आलेल्या दगडाने पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव गेले. आता त्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. उभे राहूदेत. 160 चौरस फुटांच्या खोलीत आणि सामाईक संडासाच्या रांगेत पिढ्या काढलेल्या माणसाला ‘वारसा जपा’ सांगायला मी जाणार नाही. पण उद्या टॉवरखाली पाटी लागलीच, तर ती ‘येथे दंगल झाली’ एवढंच म्हणेल. जणू पाऊस झाला. सभेवर दगड कुणी टाकले, पोलीस कुणाच्या दारात शिरले, हे लिहायचं म्हटलं की सोसायटीची सभा बोलवावी लागेल, कारण मारणाऱ्याची आणि मार खाणाऱ्याची नातवंडं आता एकाच लिफ्टने वर जाणार. मुंबईचा नकाशा आळसामुळे अडलेला नाही, शेजारामुळे अडलेला आहे. मित्रांना हे चार्ल्स्टनमध्ये दिसलं नाही, कारण तिथले शेजारी त्यांचे नव्हते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पाट्या लावा, पण हक्क मागणाऱ्याच्या नावाखाली तो नाकारणाऱ्याचंही नाव लिहा: नगरपालिका असेल तर नगरपालिकेचं, पक्ष असेल तर पक्षाचं, आळी असेल तर आळीचं. तेवढी हिंमत नसेल तर भिंत कोरी राहूदे आणि 6 डिसेंबरच्या गर्दीला नावं ठेवणं बंद करा.