आहे तसं राहू दे

संध्याकाळची कामं उरकली असतील तर बसा. संगणकावर गाण्यांचं फोल्डर उघडा, पण गाणं इतक्यात लावू नका. नुसती यादी बघा. ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, ट्रॅक ०३. गायकाच्या रकान्यात ‘अननोन आर्टिस्ट’. सावकाश खाली सरकत जा. कुणी कॅसेटवरून उतरवून दिलेलं, कुणी पेनड्राइव्हवर घालून दिलेलं, कुठून आलं ते आता आठवतही नाही असं. इतके आवाज तुमच्या घरात राहतायत आणि त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

ती लिहायला आज बसायचं आहे. घाई नाही.

हात लावण्याआधी एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. फाइलमध्ये नाव नेमकं कुठे असतं? १९९६ साली एरिक केम्प यांनी एक साधी सोय काढली. एमपीथ्री फाइल जिथे संपते तिथे १२८ बाइट्सचा टॅग जोडायचा. पहिल्या ३ बाइट्समध्ये ‘टॅग’ एवढी खूण, मग गाण्याच्या नावाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १. सूर संपला की त्याच्या पाठोपाठ नाव.

आता आणखी मागे जा. १९०२, कलकत्ता. गौहर जान ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर गातायत. तीनेक मिनिटांत गाणं आवरतं, आणि तबकडी संपायच्या आत त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला हिंदुस्थानी गाणं कळणार नव्हतं, पण लेबलावर नाव तर बरोबर छापलं जायला हवं. म्हणून ते गाण्यातच बोलून ठेवायचं. या दोन गोष्टींत ९४ वर्षांचं अंतर आहे आणि जागा एकच, गाण्याच्या अगदी शेवटी. क्षणभर इथे थांबा. सूर विरतोय, आणि त्या शांततेत एक बाई आपलं नाव सांगतेय.

टॅगमधले नावाचे ते ३० बाइट्स मात्र आपल्या लिपीसाठी आखलेले नव्हते. ‘किशोरी आमोणकर’ हे नाव मनात सुटं करा: क, ऱ्हस्व वेलांटी, श, काना-मात्रा, र, दीर्घ वेलांटी. मग मोकळी जागा, मग आ, म, पुन्हा काना-मात्रा, ण, क, र. आजच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतल्या अशा प्रत्येक खुणेला ३ बाइट्स लागतात. बेरीज ३७. म्हणजे आमोणकरांचं नाव त्या जुन्या चौकटीत मावतच नाही, शेवटची अक्षरं बाहेर राहतात. संगीतप्रकारांची मूळ यादीही ८० नावांची होती. तीत पोल्का होतं, अ‍ॅसिड जॅझ होतं. ख्याल, अभंग, नाट्यगीत, लावणी यांना नाव नव्हतं. पुढे १९९८ साली टॅगची नवी रचना आली. ती फाइलच्या सुरुवातीला बसते, तीत देवनागरी नीट लिहिता येते, आणि ‘राग’ असा रकाना हवा असेल तर तो आपला आपण तयार करता येतो. कवीला रकाना आहे, संगीतकाराला आहे. आता जागा कमी पडली असं म्हणायची सोय उरलेली नाही.

आणि हेही ध्यानात असू द्या की टॅग बदलल्याने सुराला धक्का लागत नाही. नाव चुकीचं लिहिलं तरी गाणं तसंच वाजत राहतं. म्हणून तर चूक वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

आता कंट्रोल आणि ए दाबा. सगळ्या फाइली एकदम निळ्या होतील. एमपीथ्रीटॅगसारखं सॉफ्टवेअर वापरत असाल तर डावीकडच्या रकान्यांकडे बघा. जिथे फाइलींमधला मजकूर वेगवेगळा आहे तिथे ‘कीप’ हा शब्द दिसतो. अर्थ असा की ज्याचं जे आहे ते त्याच्यापाशी राहू दे. तोच रकाना उघडला की दुसरा पर्याय असतो, ‘ब्लँक’. सगळ्यांचं पुसून टाक. हे दोन शब्द एकाखाली एक आहेत. त्यांच्याकडे थोडा वेळ नुसतं बघत राहा.

माझ्या मामाने आकाशवाणीवरून ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटी होत्या. आतल्या कार्डावर तो बारीक अक्षरात तारीख लिहायचा आणि कधी कधी एखादी ओळ: पाऊस, मध्ये वीज गेली. त्या ओळी मी फाइलींच्या शेऱ्यात टंकून ठेवल्या आणि कार्डं रद्दीत दिली. मग एका रात्री तीनशेच्या वर फाइली निवडून शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, ‘आकाशवाणी’, आणि सेव्ह केलं. लिहिलेलं खोटं नव्हतं. पण मामाचा पाऊस गेला. फोल्डरची दुसरी प्रत काढून मग कामाला बसायचं, हे मी तेव्हापासून पाळतो. तुम्हीही आत्ता ती काढा. तेवढा वेळ थांबायला हरकत नाही.

घाऊक बदल वाईट असतो असं मात्र मनात आणू नका. भीमसेन जोशी तुमच्या यादीत किती जागी विखुरले असतील बघा: कुठे ‘पं.’ लावून, कुठे ‘पंडित’ पूर्ण लिहून, कुठे रोमनमध्ये एका स्पेलिंगने, कुठे दुसऱ्या. यंत्राला ती चार वेगळी माणसं वाटतात. त्यांना एका क्षणात एका नावाखाली आणणं हे सुख आहे, ते मनापासून घ्या. याच्या उलट ‘गंधर्व’ एवढंच शोधाल तर नारायणराव राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर, सौदागर गोरे आणि शिवपुत्र कोमकली एका रांगेत येऊन उभे राहतील. बाल, सवाई, छोटा आणि कुमार. पदवी एक, गळे चार. इथे सगळे निवडून काही लिहू नका.

सगळ्यात जपायची जागा गीतरामायणाची. छप्पन्न फाइली निवडा, पण अजून लिहू नका. कवीच्या रकान्यात ग. दि. माडगूळकर, संगीतकाराच्या रकान्यात सुधीर फडके, हे छप्पन्नांनाही खरं आहे, बेलाशक लिहा. गायकाच्या रकान्यापाशी या आणि थांबा. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून ही मालिका सुरू झाली तेव्हा ती एकट्या फडक्यांच्या आवाजात नव्हती. माणिक वर्मा गायल्या, ललिता फडके गायल्या, वसंतराव देशपांडे, राम फाटक गायले, आणखीही आवाज होते. पुढे फडक्यांनी सगळी गीतं स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आणि तेच घरोघरी पोचलं. तुमच्या फोल्डरात दोन्हींची सरमिसळ असू शकते. एकच नाव छप्पन्न वेळा लिहायला एक सेकंद पुरतो. त्या सेकंदात माणिक वर्मांचं नाव जाईल आणि आवाज तेवढा राहील, दुसऱ्याच्या नावावर. म्हणून गायकाचा रकाना ‘कीप’वर राहू दे. एकेक गीत लावा. सुरुवातीचा आलाप कानावर आला की कळतं. नाही कळलं तर रकाना रिकामा असू दे. चुकीच्या नावापेक्षा मला तो रिकामा बरा वाटतो.

वर्षाचंही असंच. ‘स्वयंवर’ नाटक १९१६चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. पण तुमच्याकडचं पद ज्यांनी गायलंय ते कदाचित १९१६ साली जन्मलेलेही नसतील. वर्ष लिहाल ते कशाचं ते मनाशी ठरवून लिहा.

आता एकच फाइल उघडा. रेडिओवरून घेतलेली, जुनी, खरखर असलेली. सरळ शेवटच्या मिनिटावर जा. कॅसेटचे तुकडे करताना बऱ्याच जणांनी निवेदकाचा आवाज जादा म्हणून कापून टाकला, इथे तो राहिलाय. डोळे मिटा. तानपुरा अजून वाजतोय. निवेदिका गायकाचं नाव सांगते, रागाचं सांगते, मग तबल्याची साथ कुणाची ते, मग हार्मोनियमची. साथीदारांचं नाव बहुतेक टॅगांमध्ये सापडत नाही, इथे ते कुणीतरी मोठ्याने उच्चारलंय. मागे घ्या, परत ऐका. तबलजीचं नाव लिहा. ऱ्हस्व-दीर्घ तपासा.

हार्मोनियमवाल्यांच्या नावापाशी खट् असा आवाज येतो. टेपची ती बाजू संपली. पहिलं नाव पूर्ण आलंय, आडनावाचं फक्त पहिलं अक्षर. पुन्हा एकदा ऐका, कानांवर हात धरून. तेवढंच आहे. रकान्यात नाव लिहा, पुढे ते एक अक्षर लिहा, आणि सेव्ह करा.